कर्ण अंतराळात गेला, पण राधा मागेच राहिली : ‘अ स्पार्क ऑफ व्हाइट फायर’ वाचल्यानंतरची घालमेल

गोदातीर

दिवाळीच्या सुट्टीत भाचीने माझ्या हातात एक इंग्रजी कादंबरी ठेवली आणि बजावले, “मावशी, शेवट आधी वाचायचा नाही.” माझी ही जुनी खोड घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तिची पाठ वळताच मी शेवटची दहा पाने वाचून काढली, आणि त्याची शिक्षा म्हणून उरलेली कादंबरी एका ठरलेल्या मृत्यूची वाट पाहत वाचली. आपल्यापैकी कुणाला ती वाचायची असेल तर सूचना देऊन ठेवते : खाली रहस्यभेद आहे आणि प्रतिसादांतही होणार आहे.

कादंबरी संगू मंदण्णा यांची. ‘अ स्पार्क ऑफ व्हाइट फायर’ हे तीन भागांच्या मालिकेतले पहिले पुस्तक, २०१८ साली प्रसिद्ध झालेले. लेखिका बंगळुरूत वाढल्या आणि आता इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉर्विच शहरात राहतात. पुस्तक प्रकाशक ज्याला ‘यंग अडल्ट’ म्हणतात त्या कप्प्यातले आहे. गोष्ट अंतराळात घडते, परंतु त्या अंतराळात देव माणसांशी बोलतात, शाप फळतात आणि वर मागितले जातात. त्यामुळे तिला विज्ञानकथा म्हणण्यापेक्षा अंतराळातली अद्भुतकथा म्हणणे योग्य होईल. हे सारे महाभारतावर बेतलेले आहे, आणि नायिका एझ्मे म्हणजे आपला कर्ण.

मांडणी थोडक्यात अशी. काली नावाचे एक राज्य आहे आणि ते एका प्रचंड अवकाशयानावर वसलेले आहे. तेथील राणी कायरा हिला शाप आहे, म्हणून ती आपली तान्ही मुलगी दूर पाठवून देते. त्या मुलीचा जुळा भाऊ अलेक्सी हा राज्याचा लाडका राजपुत्र आणि विख्यात धनुर्धर होतो. पुढे काका एल्वार सिंहासन बळकावतो आणि अलेक्सीला वनवासाला, म्हणजे येथे परराज्यांच्या आश्रयाला, जावे लागते. विचस्टार या दुसऱ्या राज्याचा राजा दर्शन एक स्पर्धा जाहीर करतो : जो जिंकेल त्याला टायटेनिया हे अजिंक्य आणि स्वतःचे मन असलेले युद्धयान मिळेल. एझ्मे याच राज्यात अनाथ म्हणून वाढलेली. ती स्पर्धेत उतरायचे, जिंकायचे, आपली ओळख जगजाहीर करायची आणि यान भावाच्या पदरात टाकायचे, असा बेत आखते. बेत अर्थातच फसतो.

आता घालमेलीकडे येते.

पहिली पन्नास पाने मी एका बैठकीत वाचली. कर्ण आणि अर्जुन जुळी भावंडे असती तर, आणि त्यांतली थोरवी नाकारली गेलेली मुलगी असती तर, ही कल्पनाच अशी आहे की ती आपल्याला आधी का सुचली नाही असे वाटावे. कर्ण अर्जुनाचा द्वेष करतो. एझ्मे अलेक्सीवर जीव टाकते. न भेटलेल्या भावाविषयी कोणीतरी बोलत असताना ती कान टवकारून ऐकते, त्याच्या पराक्रमाच्या बातम्या साठवते, आणि ज्या दिवशी तिचा त्याच्याशी सामना होतो त्या दिवशी तिला जिंकण्याचीही लाज वाटते. हा भाग लेखिकेने फार हळुवारपणे लिहिला आहे. भाचीने या पानांच्या समासात पेन्सिलने काही नोंदी केल्या आहेत; कायराचे नाव प्रथम येते तेथे तिने ‘ही कुंती??’ असे दोन प्रश्नचिन्हांसह लिहिले आहे. ती अकरावीत आहे, आणि महाभारत तिने दूरचित्रवाणीवर तुकड्यातुकड्यांनी पाहिले आहे इतकेच.

खटकायला सुरुवात झाली ती याच कुंतीपाशी. महाभारतातल्या कुंतीने मूल नदीत सोडले ते ती कुमारी होती म्हणून, लोक काय म्हणतील या भीतीपोटी. कायरा मूल दूर करते ते शापामुळे. कर्णाला रंगभूमीवर कृपाचार्यांनी कुळ विचारले, आणि अधिरथ धापा टाकत आत आल्यावर भीमाने त्याला हाती चाबूक घ्यायला सांगितले. एझ्मेला तिचे कुळ कोणी हिणवून विचारत नाही, कारण तिच्याजवळ त्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यापासून तयार आहे आणि ते उत्तर राजघराण्याचे आहे. तिने तोंड उघडण्याचा अवकाश, दारे उघडतात. दारांमागे संकटे आहेत हे खरे, पण दार बंद असण्याचे दुःख तिच्या वाट्याला आलेलेच नाही. लेखिकेने कर्णाच्या कथानकाचा एकेक सांधा जपला आहे. मात्र जेथे जेथे समाज होता तेथे तेथे शाप बसवला आहे. लोकलज्जेच्या जागी शाप, जातीच्या जागी शाप.

आणि राधा कुठे आहे? ही ओळ मी पुस्तक मिटल्यावर भाचीच्या पेन्सिलीने शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवली. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगतो आणि सारे राज्य देऊ करतो, तेव्हा कर्ण आधी काय सांगतो? तो सांगतो की मला पाहताच मायेने राधेला पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले, आता तिच्या पिंडाचा लोप मी कसा करू? अधिरथाने माझे जातकर्म केले, वसुषेण हे नाव ठेवले, सूतकुळातल्या मुलींशी माझी लग्ने लावून दिली. सगळी पृथ्वी आणि सोन्याच्या राशी मिळाल्या तरी मी हे खोटे ठरवू शकत नाही. कर्णाचा सारा पीळ या एका नकारात आहे. रणजित देसाईंनी आपल्या कादंबरीला ‘राधेय’ हेच नाव दिले, ते उगाच नव्हे. एझ्मेच्या बालपणात देवता येऊन जातात, गुरू येतात, राम नावाचा एक आळशी आणि अतिशय गोड राजपुत्र मित्र म्हणून लाभतो. परंतु जिच्या कुशीत ती वाढली अशी बाई कोठेही नाही. त्यामुळे रक्ताचे घर की वाढवणारे घर, हा पेच तिच्यापुढे उभाच राहत नाही. तिला रक्ताचे घर हवे आहे, आणि दुःख एवढेच की ते घर नासके निघते.

तरीही पुस्तक वाईट आहे असे मला म्हणवत नाही. एल्वारच्या दरबारात ती भावाची हेर म्हणून शिरते आणि तेथल्या माणसांत हळूहळू गुंतत जाते, हा मधला भाग उत्तम आहे. कौरवांच्या घरात दुपारी काय बोलणे चालत असेल, हे आपल्या किती लेखकांनी दाखवले? एल्वारचा दत्तक मुलगा मॅक्स हा दुर्योधनाच्या जागी आहे आणि लेखिकेने त्याला सरळ नायक केले आहे. मैत्रीच्या ऋणाच्या जागी प्रेम आले, याची मला थोडी चुटपुट लागली, कारण प्रेम फिटत नाही असे कोणी म्हणत नाही आणि ऋण मात्र फेडावेच लागते. पण सोळा-सतराच्या वाचकाला ऋणापेक्षा प्रेम लवकर कळणार, हेही मान्य केले पाहिजे.

शेवटी राम मरतो, अलेक्सीच्या हातून. मला ते आधीच ठाऊक असूनही त्या पानावर थांबावे लागले. भाचीने तेथे समासात काहीच लिहिलेले नाही, फक्त पानाचा कोपरा दुमडलेला आहे.

पुस्तक परत देताना तिने मला विचारले, “मग खऱ्या गोष्टीत कर्णाला त्याची आई परत घरी नेते का?” तेव्हापासून हा धागा काढायचे मनात होते. आपल्यापैकी कोणी वाचले असल्यास आपले मत जरूर लिहावे.

तळटीप

लेख आवडला, आणि राधेविषयीचा मुद्दा तर बिनतोड आहे. फक्त ‘खऱ्या गोष्टीत’ या शब्दप्रयोगाशी थोडा थांबावेसे वाटते, कारण कर्णाची आपल्या मनातली गोष्टसुद्धा बऱ्याच अंशी नंतरच्या हातांनी घडवलेली आहे. ‘मी सूताला वरणार नाही’ हे द्रौपदीचे स्वयंवरातले वाक्य घ्या. आपल्यापैकी दहांतल्या नऊ जणांना ते व्यासांचे वाटते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे खपून, १,२५९ हस्तलिखिते ताडून जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या मुख्य संहितेत हे वाक्य नाही. ते तळटीपेत गेले आहे. (माझ्या नावाला जागून एवढे सांगणे भाग होते.)

तेव्हा, कर्णाच्या अपमानाचा पाढा प्रत्येक पिढी स्वतःच्या गरजेप्रमाणे वाढवत आली आहे. शिवाजी सावंतांचा ‘मृत्युंजय’ १९६७ चा. त्यात कर्णाबरोबरच कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण हे आपापल्या तोंडाने बोलतात, आणि त्यातला कर्ण इतका उदात्त आहे की द्यूतसभेत द्रौपदीची वस्त्रे हिरावून घ्या असे दुःशासनाला सांगणारा कर्ण तो हाच का, असा प्रश्न पडावा. त्याच सुमारास इरावतीबाईंनी ‘युगान्त’ लिहिले आणि कर्णाचे दोष झाकण्याचे नाकारले. म्हणजे एकाच काळात, एकाच भाषेत, दोन भिन्न कर्ण उभे राहिले आणि आपण दोन्ही वाचले.

मंदण्णाबाईंनी अपमान वगळला हा तुमचा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यांनी डागही वगळला आहे, याकडे तुम्ही दुर्लक्ष केलेत. एझ्मेच्या हातून पहिल्या भागात तरी द्यूतसभेच्या तोडीचे काही घडत नाही. ज्याला हिणवले गेले तो संधी मिळताच दुसऱ्याला हिणवतो, ही कर्णातली सर्वांत बोचरी गोष्ट आहे. आणि मूळचा अपमानच काढून टाकल्यावर ती लिहिताच येत नाही. तुमच्या मुद्द्याला ही पुस्ती समजावी.

धूमकेतू

मी ही कादंबरी गेल्या वर्षी वाचली होती आणि माझी निराशा वेगळ्या कारणाने झाली होती. महाभारताचे मला फारसे कळत नाही, पण अवकाशयानावर वसलेले राज्य आणि त्यात धनुर्विद्या, हे वाचल्यावर मी उत्सुकतेने पाने उलटली आणि त्या उत्सुकतेला खाद्य मिळाले नाही.

मला काय हवे होते ते सांगतो. यानावर वजन हवे असेल तर ते चाकासारखे फिरवणे हा सर्वांत सरळ उपाय आहे. सुमारे २२४ मीटर त्रिज्येचे चाक मिनिटाला दोन फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेवर उभ्या असलेल्या माणसाला पृथ्वीइतके वजन जाणवेल. त्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ४७ मीटर येतो. आता गंमत अशी की चांगल्या धनुष्यातून सुटणाऱ्या बाणाचा वेगही याच्याच आसपास असतो. म्हणजे या चाकावर एखाद्या धनुर्धराने फिरण्याच्या उलट दिशेला नेमका ४७ मीटर वेगाने बाण सोडला, तर, हवेचा अडथळा क्षणभर बाजूला ठेवू, बाण खाली पडणारच नाही. बाहेरून पाहणाऱ्याला तो जागच्या जागी स्थिर दिसेल आणि चाकाची जमीन त्याच्या खालून सरकत जाईल; चाकावरच्या माणसाला मात्र तो एकाच उंचीवरून दूर दूर जाताना दिसेल. उलटपक्षी फिरण्याच्याच दिशेला सोडलेला बाण नेहमीपेक्षा फार लवकर जमिनीला टेकेल. ज्या राज्यात मुले अशा जमिनीवर वाढतात तेथली धनुर्विद्या किती निराळी असेल! विचस्टारचा नेमबाज कालीमध्ये आला की त्याचा नेम चुकला पाहिजे, कारण दोन यानांची त्रिज्या वेगळी. अर्जुनाला पोपटाचा डोळा दिसला तसा एझ्मेला यानाचा फेरा दिसला पाहिजे.

कादंबरी या तपशिलात शिरतच नाही. धनुष्ये, तलवारी, घोडदळासारखी लढाऊ याने, राजवाडे हे सारे पृथ्वीवरून उचलून तसेच्या तसे वर नेऊन ठेवले आहे. जयंत नारळीकरांच्या कथा वाचत मोठा झालेल्या माझ्यासारख्या वाचकाला हे नुसते नेपथ्य वाटते. पडदा बदलला, नाटक तेच. ही अद्भुतकथा आहे, विज्ञानकथा नाही, हे गोदातीर यांनी आधीच सांगून ठेवले असल्याने मला भांडता येत नाही, पण हळहळ आहे ती आहे. बंद यानात बंदुकीपेक्षा बाण बरा, निदान भिंतीला भोक पडून हवा निसटणार नाही, एवढे तरी एखाद्या पात्राने म्हणायला हवे होते.

गोदातीर

धूमकेतू, बाण पडणारच नाही हे वाचून मी स्वयंपाकघरातल्या फिरत्या मसाल्याच्या डब्याकडे पाच मिनिटे पाहत बसले. तुमचे म्हणणे माझ्या म्हणण्यापासून दूर नाही, असे आता वाटू लागले आहे. तुम्हाला जमीन हवी होती आणि मलाही जमीनच हवी होती. तुमची भौतिक आणि माझी सामाजिक. दोन्ही ठिकाणी लेखिकेने पात्रांना अधांतरी ठेवले आहे.

तळटीप यांची पुस्ती मान्य. डागाचा विचार मी केला नव्हता.

चाफेकळी

मला पुस्तक मुळीच आवडले नाही आणि मी ते अर्ध्यावर सोडले, त्यामुळे माझ्या मताला तेवढेच वजन द्यावे. अलेक्सी, कायरा, एल्वार, मॅक्स ही नावे वाचत असताना मध्येच राम, अंबा, दर्शन येतात आणि प्रत्येक वेळी माझी तंद्री मोडते. अंबा म्हटले की आमच्या कोल्हापूरच्या माणसाला अंबाबाई आठवते, महाभारत वाचलेल्याला भीष्मावर सूड घेणारी काशीची राजकन्या आठवते, आणि येथे ती युद्धाची देवता. कर्णाच्या जिवलग मित्राचे नाव राम, आणि त्याला मारणारा अर्जुन! ही सरमिसळ मुद्दाम केली आहे की सहज झाली, हे मला कळले नाही आणि कळून घेण्याचा धीरही उरला नाही.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहतो आणि रविवारी मराठी शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेतो. गोदातीर यांच्या भाचीचा प्रश्न माझ्या वर्गात दर वर्षी निराळ्या रूपात येतो, म्हणून लिहितो.

चाफेकळी यांना नावांची जी सरमिसळ टोचली ती माझ्या विद्यार्थ्यांना जाणवतही नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या वर्गाची हजेरी अशीच असते. एकाच बाकावर रामही असतो आणि मॅक्सही. अंबा हे नाव ऐकून त्यांना आधी काहीच आठवत नाही, हे माझ्या पिढीला दुःखाचे वाटते खरे, पण त्यामुळे ती मुले पुस्तकातली अंबा जशी आहे तशी वाचू शकतात. शाळेच्या ग्रंथालयातून हे पुस्तक तीन मुलींनी वाचले होते, आणि त्यांच्याशी बोलताना एका मुलीने जे म्हटले ते मला आजवर कोणत्याही समीक्षेत दिसलेले नाही.

मी त्यांना स्वयंवराची गोष्ट सांगत होतो. पण लावला, मत्स्यभेद झाला, अर्जुनाने द्रौपदीला जिंकले. ती म्हणाली, “म्हणजे टायटेनिया ही द्रौपदी आहे.” मी थबकलो. स्पर्धेतले बक्षीस म्हणून जी दिली जाते ती येथे राजकन्या नसून युद्धयान आहे. पण ते यान बोलते, त्याला मते आहेत, आणि ते कोणाच्या हाती जाते यावर सगळ्यांचे भवितव्य ठरते. जिंकून आणलेल्या वस्तूला मन असते, ही गोष्ट महाभारतात द्रौपदी भर सभेत प्रश्न विचारून दाखवून देते. त्या मुलीने ती यानापासून सुरू करून द्रौपदीपर्यंत आणली, आणि मग पुढचा तास आम्ही द्यूतसभेवर बोललो. एरवी या वयाच्या मुलांना द्यूतसभा समजावून सांगताना माझी जीभ अडखळते.

जातीच्या मुद्द्यावर मात्र मी गोदातीर यांच्याशी सहमत आहे. परदेशी वाचकाला जात समजणार नाही, म्हणून लेखिकेने ती वगळली असेल, असा बचाव कोणी केला तर तो मला पटणार नाही. येथली मुले शाळेत वंशभेदाचा इतिहास शिकतात. बापाच्या धंद्यावरून मुलाला मैदानाबाहेर काढले, हे समजायला त्यांना पाच मिनिटेही लागत नाहीत. चाबकाचा प्रसंग सांगितला की वर्गात शांतता पसरते.

शोण

गोदातीर ताई, एका ठिकाणी मी आपल्याशी असहमत आहे. एझ्मे हेर म्हणून काकांच्या दरबारात शिरते, आणि मैत्रीचे ऋण मानणारा कर्ण तसे करणार नाही, असा सूर आपल्या लेखात आहे, निदान मला तसा ऐकू आला. पण उद्योगपर्व आपणच काढले आहे तर ते आणखी थोडे पुढे वाचू या.

कर्ण कृष्णाला नकार देतो आणि लगेच विनंती करतो की हे बोलणे गुप्त ठेव. कारण काय देतो? मी कुंतीचा थोरला मुलगा आहे हे युधिष्ठिराला कळले तर तो राज्य स्वीकारणार नाही, आणि ते मला मिळाले तर मी दुर्योधनाला देऊन टाकीन. म्हणजे ज्या मित्रासाठी जीव द्यायला निघाला आहे, त्याला अनायासे राज्य मिळवून देणारे वाक्य कर्णाच्या ओठांवर आहे आणि तो ते गिळतो. राज्य धर्मात्म्या युधिष्ठिराकडेच राहावे असे त्याला वाटते! पुढे कुंती भेटते, तेव्हा अर्जुन सोडून बाकी चौघांना मारणार नाही असे वचन तो देऊन टाकतो, आणि दुर्योधनाला त्यातले अवाक्षर सांगत नाही. एका बाजूचे अन्न खाऊन दुसऱ्या बाजूचे भले चिंतणे यालाच आपण हेरगिरी म्हणणार असू, तर कर्णही युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात कौरवांच्या छावणीत अर्धा हेरच होता. फरक इतकाच की त्याला कोणी पाठवले नव्हते.

मला वाटते लेखिकेने हे वाचले आहे आणि नेमके हेच उचलले आहे. एझ्मे दोन्हीकडे खरी आहे आणि म्हणून दोन्हीकडे खोटी आहे. राधा हरवली हे आपले दुःख रास्त आहे. पण राधेच्या जागी लेखिकेने काहीच ठेवलेले नाही असे नाही. राम आहे. राम तिला ती कोण आहे हे विचारात न घेता जपतो, तिच्याकडून काही मागत नाही, आणि त्याच्या मृत्यूनंतर ती भावाच्या विरुद्ध उभी राहते, तेव्हा तिला तेथे आणणारे हे रक्ताबाहेरचेच नाते असते. अभिमन्यू पडल्यावर अर्जुनाने केलेली प्रतिज्ञा लेखिकेने अर्जुनाकडून काढून कर्णाच्या हाती दिली आहे. मला तरी ही अदलाबदल फार धाडसाची वाटली.

धूमकेतू

शोण यांचा शेवटचा परिच्छेद वाचून पुस्तक पुन्हा काढले. राम विनोद करतो तेवढीच पाने पुन्हा वाचली. बाणाच्या वेगाची तक्रार कायम ठेवतो, पण आवाज थोडा खाली आणतो.

गोदातीर

सर्वांचे मनापासून आभार. एवढे प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते.

शोण, आपण दाखवलेली जागा मी अनेकदा वाचली आहे आणि प्रत्येक वेळी तिच्यावरून तशीच पुढे गेले आहे, कारण मला कर्णाचा नकार ऐकायचा असतो, त्याची विनंती नव्हे. राम हा राधेच्या जागी आहे, हे मात्र मी निम्मेच स्वीकारीन. रामाने एझ्मेला बरोबरीच्या नात्याने जपले. तान्हेपणी कोणी तिचे मलमूत्र काढले, हा प्रश्न उरतोच. महाभारतकाराला ते वाक्य लिहिताना संकोच वाटला नाही, आणि आजच्या लेखिकेने ती बाई संपूर्ण गाळली, याचे मला अजूनही नवल वाटते. कायराविषयी मात्र माझे मत थोडे बदलले आहे. शाप घालून लेखिकेने कुंतीची सुटका केली, असे मी म्हटले होते. पुन्हा चाळताना लक्षात आले की मुलगी समोर येऊन उभी राहिल्यावर कायरा जशी वागते, त्याला कोणताही शाप पुरेसे कारण देत नाही. आपली कुंती युद्धाच्या तोंडावर कर्णाकडे जाते ती पाच मुलांसाठी, पहिल्यासाठी नव्हे. हे क्रौर्य आपण ‘आईची अगतिकता’ म्हणून सोडून देतो. या पुस्तकात ते क्रौर्य उघडे दिसते, आणि भाचीला कायराचा जितका राग आला तितका मला तिच्या वयात कुंतीचा आला नव्हता, हे मी कबूल करते.

हडसनकाठ, टायटेनिया म्हणजे द्रौपदी हे मी भाचीला सांगितले. ती म्हणाली, “मग यानाने प्रश्न विचारायला हवा होता.” आपल्या विद्यार्थिनीला कळवावे.

तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी अखेर तोंडी दिले नाही. उद्योगपर्वातला कर्ण आणि कृष्ण यांचा संवाद मराठीत वाचून दाखवला. पान्ह्याच्या जागी ती काही बोलली नाही. “राज्य मिळत असूनही नाही म्हणाला?” एवढे मात्र दोनदा विचारले, आणि मग ‘मृत्युंजय’ची माझी जुनी, पाठीला डिंकपट्टी लावलेली प्रत घेऊन गेली. तळटीप यांनी सांगितलेले द्यूतसभेचे प्रकरण ती त्यात शोधणार आहे.

धाग्यावर दोघांनी व्यक्तिगत निरोपातून दुसऱ्या भागाविषयी विचारले आहे. ‘अ हाउस ऑफ रेज अँड सॉरो’ हे त्याचे नाव, २०१९ मध्ये आलेला. रामाच्या मृत्यूनंतरची एझ्मे त्यात आहे, आणि आईने अंबेकडे मागितलेला तिसरा वर कोणता, हे कोडेही आहे. माझ्याकडे प्रत अजून आलेली नाही. भाचीजवळ आहे, पण शेवटची दहा पाने तिने रबरबँड लावून बंद केली आहेत आणि तो न काढण्याचे वचन मिळाल्याशिवाय ती पुस्तक देणार नाही. वाटाघाटी सुरू आहेत.